पाठीमागून

प्रेमसिंगला आपल्याकडे कुशीवर वळवून ममता त्याच्या अंगावरून पलीकडे वाकली. ओला पंचा त्याच्या पाठीला टेकतो न टेकतो तोच त्याची मूठ खालून आली आणि सरळ तिच्या ओठांवर बसली. डोळ्यांपुढे पिवळं झालं, तोंडात खारट चव आली. तरी त्याच्या कमरेखालचा हात तिने सोडला नाही. सोडला असता तर तो पलंगावरून खाली गेला असता. दुसरी मूठ तिने खांद्यावर घेतली, तिसरी कानावर.

"मावशी! धावा!"

रुक्मामावशी फरशी पुसायचं फडकं टाकून धावली. दोघींनी मिळून त्याचा उजवा हात दाबला, मनगटाला पट्टी गुंडाळून पलंगाच्या दांडीला बांधली. डावा हात बांधलेलाच होता. प्रेमसिंग दात विचकून गुरगुरत राहिला. चादरीवर रक्ताचे थेंब पडले होते. ते त्याचे नव्हते, ममताचे होते.

"चादर बदला लागते आता," ममता म्हणाली आणि मनगटाने ओठ पुसला.

प्रेमसिंग चव्हाण महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. फटफटी नाल्यात गेली, डोक्याला मार लागला, म्हणून यवतमाळच्या या खाजगी दवाखान्यात आणला होता. कवटी उघडून रक्त काढलं होतं. जीव वाचला, पण शुद्ध धड आली नव्हती. जवळ येईल त्याला तो मारायचा. डॉक्टर म्हणायचे, मेंदूला सूज आहे, त्याला काही कळत नाही, हा मारणारा खरा प्रेमसिंग नव्हे. हात बांधून ठेवा.

हात बांधले की माणूस उताणाच राहतो, आणि उताणा राहिला की पाठ जाते, हे ममताला माहीत होतं. त्याच्या माकडहाडावरची कातडी लाल झाली होती. बोटाने दाबलं तरी तो लालपणा फिका पडत नव्हता. याच वॉर्डात एका म्हाताऱ्याला तिथे एवढी जखम झाली होती, की ड्रेसिंगचा अख्खा गोळा आत जायचा. तो ऑपरेशनने नाही, त्या जखमेने गेला. म्हणून ममता रोज भांडून प्रेमसिंगचा एक हात सोडायची, त्याला वळवायची, पाठ धुऊन तेल लावायची, आणि रोज कुठे ना कुठे मार खायची.

त्याच्याजवळ दोघी बायका होत्या. आई लालीबाई पायथ्याशी बसून दिवसभर त्याचे पाय चेपत असे. तोंडातून शब्द नाही. बायको सुखीबाई खिडकीपाशी उभी असे, पलंगापासून चांगली लांब. रडणं नाही, विचारपूस नाही. ममता स्वतः दिग्रसकडच्या तांड्यावरची. घरी कुणी आजारी पडलं तर तिकडच्या बायका कशा पलंगाला चिकटून बसतात ते तिने पाहिलं होतं. ही बाई तिला दगडाची वाटली.

"वयनी," ती म्हणाली, "तुमी यायचा हात धरला असता तं मले लागलं नसतं."

सुखीबाईने तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"बर्फ लावा, सिस्टर. अन् आतून दात लागला असन तं मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. दोन-चार दिसांत उतरते."

ममताला राग आला. एवढंच? ती तसराळं उचलून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात प्रेमसिंग थोडा निवळला. डोळे उघडायचा, छताकडे पाहायचा, भरवलं की गिळायचा. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर घरी पाठवू. डावं अंग हळूहळू येईल, उजवं तर शाबूतच आहे.

"घरी गेल्यावर यायची पाठ कोण करणार?" ममताने सुखीबाईला विचारलं. "दर दोन तासानं कूस बदला लागते. शिकून घ्या."

"मी नाई जवळ येत."

"काहून?"

पायथ्याशी लालीबाईचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"वयनी, नवरा हाय तुमचा. दुसरा कोन करन त्याचं?"

सुखीबाईने एकदा सासूकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि पुढे आली. ममताला बरं वाटलं. तिने सुखीबाईला प्रेमसिंगच्या पुढच्या बाजूला उभं केलं, एक हात त्याच्या खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवायला सांगितला. सकाळपासून तो शांत होता. वळवताना सोपं जावं म्हणून ममताने दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि स्वतः त्याच्या पाठीमागे गेली.

कोमट पाण्याने तिने पाठ पुसली, कोरडी टिपली. तेल आधी आपल्या तळव्यांवर चोळून गरम केलं. मग कमरेपासून मानेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, तळवे न उचलता लांब हात फिरवले, खांद्यांवरून वळवून खाली आणले. प्रेमसिंगचा श्वास लांब झाला. पाठीचे आवळलेले स्नायू तिच्या हाताखाली एकेक करून सुटले.

"पाहा," ती हळूच म्हणाली, "झोपून राह्यले."

"कुठं गेलती?"

आवाज प्रेमसिंगचा होता. दवाखान्यात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता. ममताला आनंदच झाला. तिने मान वर केली, आणि तेवढ्यात त्याचा उजवा हात सुखीबाईच्या गळ्याला पडलेला दिसला.

सुखीबाई ओरडली नाही. तिने हनुवटी छातीशी गच्च दाबली आणि दोन्ही हातांनी त्याचा अंगठा शोधला. पहिल्यांदाच गळा धरला गेलेल्या माणसाला हे सुचत नाही. प्रेमसिंगने तिला खाली ओढलं. तिचं कपाळ पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं, एकदा, दोनदा. "कुठं गेलती? कुठं गेलती, सांग!" ममता पाठीमागून पलंगावर चढली. तेलाने बरबटलेले तिचे हात त्याच्या दंडावरून घसरत होते. तिने त्याचं कोपर आपल्या दोन्ही हातांच्या कवेत धरलं आणि सगळं वजन मागे टाकलं. हात हलला नाही. सुखीबाईचा चेहरा काळानिळा होत गेला, तोंडातून घुर्र असा आवाज यायला लागला.

मग पायथ्याची लालीबाई उठली. लॉकरवरचा स्टीलचा भरलेला जग तिने दोन्ही हातांनी उचलला आणि लेकाच्या डोक्यावर, जिथे टाके होते तिथेच, नेम धरून वर नेला. पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

"याडी!" तांड्यावर आईला देतात तीच हाक देऊन ममता किंचाळली. "याडी, नको! मरन तो!"

लालीबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वेड नव्हतं, भीतीही नव्हती. आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं. ममताने एक हात सोडून जगाचा कान पकडला. प्रेमसिंगची पकड ढिली झाली म्हणून असो की आणखी कशाने, सुखीबाईने नवऱ्याचा अंगठा उलटा मोडला. हाडाचा कट असा आवाज झाला. हात सुटला. तोवर रुक्मामावशी आणि बाजूच्या वॉर्डातला ब्रदर आले होते.

डॉक्टर धावत आले. सुखीबाईचा गळा पाहिला, कपाळावर दोन टाके घालायला सांगितले, प्रेमसिंगच्या अंगठ्याला फळी बांधली. दोन्ही हात एकदम सोडल्याबद्दल ममताला सगळ्यांसमोर झापलं. मग एकदम काही आठवून त्यांनी विचारलं,

"बोलला म्हणता ना? नक्की काय बोलला?"

"कुठं गेलती, असं."

"पूर्ण वाक्य?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे बायकोला ओळखलं त्याने! फार चांगलं लक्षण आहे हे."

सुखीबाई स्टुलावर बसून होती. तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

दुपारी ममता तिला शोधत गेली. वॉर्डामागे कपडे धुवायच्या नळापाशी सुखीबाई रक्ताचा पदर चोळत होती. ममता तिच्याजवळ उकिडवी बसली.

"माह्यामुळं झालं," ती म्हणाली. "मीच तुमाले पुढं उभं केलं."

"तुमाले काय माहीत?" सुखीबाईचा आवाज बसला होता. शब्द खरखरत येत होते. "डाक्टर म्हणते का हा खरा प्रेमसिंग नोहे. सिस्टर, हाच खरा हाय. बाकी सारा झोपला, एवढा जागा राह्यला."

तिने पदर पिळला, पुन्हा पाण्यात बुडवला.

"कापूस वेचून यायले उशीर झालता मले. दारातच धरलं. कुठं गेलती, म्हणे. रोजचंच होतं थे. पोट्टी तं म्या कवाच माह्या भावाकडं वणीले ठेवली. तिच्यासमोर नको म्हणून. पन त्या दिवशी सोडेच ना तो. मले दिसनं बंद झालं. मंग एकदम हात सुटला अन् तो माह्या आंगावरच पडला."

"कसा काय पडला?"

सुखीबाईने तिच्याकडे पाहिलं. "तुमी रोज पाठ धुता त्याची. फटफटीवरून पडला मानूस, अन् पाठीले खरचटलं बी नाई. तुमाले दिसलं असन."

ममताला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि तिने तो विचार बाजूला सारला होता.

"याडीच्या हातात मुसळ होतं," सुखीबाई म्हणाली. "म्या डोये उघडले तं थे उभी. म्हणे, ऊठ. गाडीले हात लाव. आमी दोघीनं फटफटी लोटत नेली अन् नाल्यात टाकली, त्याले बी उचलून थितंच निजवलं. मंग बोंब मारली."

नळाचं पाणी दगडावर पडत राहिलं. ममताने हात लांबवून तो बंद केला. लालीबाई दिवसभर पाय चेपत बसायची ते तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"कोनाले सांगान का, सिस्टर?"

"ओला पदर घेऊन बसू नका," ममता म्हणाली. "मी कोरडी चादर देतो."

दुसऱ्या दिवशी पाठ करायची वेळ झाली तेव्हा ममताने सुखीबाईला हाक मारली नाही. तिने रुक्मामावशीला पुढे उभं केलं, एकच हात सोडला. तर सुखीबाई आपणहून आली. कपाळावर पट्टी, गळ्यावर बोटांचे जांभळे वळ. ती पलंगाला वळसा घालून ममताशेजारी, प्रेमसिंगच्या पाठीकडे उभी राहिली.

"मले माघून शिकवा," ती म्हणाली. "माघून त्याचा हात पोचत नाई."

ममताने तिला शिकवलं. सुखीबाईचे हात पहिल्यांदा भांडी घासल्यासारखे चालायचे. ममता म्हणायची, तवा नाही हा, हळू. हाडावर चोळायचं नाही, बाजूने जायचं. लाल झालंय तिथे तर मुळीच नाही. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, ती रात्रभर टोचते. दोन गुडघ्यांमध्ये उशी. सुखीबाई हे सगळं ऐकायची आणि तसंच करायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एकदा तिचे तळवे कमरेपासून वर गेले आणि मानेपाशी थांबले. रुंद पाठ तिच्यासमोर उघडी पडली होती. प्रेमसिंगचं तोंड भिंतीकडे, हात बांधलेला. सुखीबाईची बोटं हळूहळू आत वळली. नखं कातडीत रुतली. प्रेमसिंग विव्हळला. पुढे उभी असलेली रुक्मामावशी म्हणाली, "काय झालं त्याले?"

"काही नाही," ममता म्हणाली. "गाठ सुटून राह्यली."

तिने सुखीबाईचा हात ओढून काढला नाही. त्यावर आपला तळवा ठेवला फक्त, आणि ठेवूनच राहिली. सुखीबाईने दात आवळले होते, गळ्यावरचे वळ काळे दिसत होते. बराच वेळ गेला. मग बोटं उठली. पाठीवर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीतून रक्त आलं होतं. ममताने कापसाने ते टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखीबाई आली तेव्हा तिने सगळी नखं पार मुळापर्यंत कापली होती.

त्यानंतर तिला सांगावं लागलं नाही. माकडहाडावरचा लालपणा ओसरला. आणि आठवड्याभरात ममताने पाहिलं, की सुखीबाई सासूला शिकवते आहे. म्हातारीचे हात कापायचे, वजन पेलायचं नाही. सुखीबाई तिच्यावर चिडायची.

"याडी, असं नाई. उशी पाठीमांगं दाबा, मंग गुडघा वाकवा, म्हंजे तो आपोआप वयते. जोर लावाचा नाई. पुन्यांदा करा."

लालीबाई पुन्हा करायची.

"हाडाले अंगठा लावा. दाबा. आता सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तं बरं हाय. नाई झालं तं त्या कुशीवर निजवाचंच नाई. समजलं?"

म्हातारी मान हलवायची आणि अंगठा लावून बघत राहायची.

ममताला हे पाहून भरून यायचं. एवढं सोसून या बाईला नवऱ्याच्या पाठीची एवढी काळजी! ती रुक्मामावशीला म्हणाली, "मी काय समजली होती अन् काय निघाली." मावशी म्हणाली, "शेवटी नवरा हाय, बाई. माया तुटते थोडी!" ममताला ते पटलं आणि नाहीही पटलं, पण विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

घरी जायच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी भाड्याची व्हॅन आली. मागची सीट काढून गादी टाकली होती. ब्रदर आणि ड्रायव्हरने प्रेमसिंगला उचलून आत ठेवलं. आता तो थोडं थोडं बोलायचा. पाणी मागायचा, शिव्या द्यायचा, मध्येच रडायचा. अंगठ्याला फळी होती तरी उजव्या हाताची मूठ चांगली वळायची. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, सहा महिन्यांत काठी धरून चालशील.

ममता खाली आली तेव्हा सुखीबाई व्हॅनमध्ये होती. तिने प्रेमसिंगला कुशीवर वळवलं, तोंड पत्र्याकडे. पाठीमागे उशी दाबली, गुडघ्यांमध्ये दुसरी घातली, चादर ओढून सुरकुती काढली. कमरेखाली हात घालून हाडाला अंगठा लावून पाहिला. तेलाची बाटली सासूच्या पायाशी ठेवली. मग ती खाली उतरली आणि आपली पिशवी खांद्याला लावली.

लालीबाई व्हॅनच्या दारात बसली होती. सुखीबाईने वाकून तिच्या पायांना हात लावला. म्हातारीने तिची हनुवटी धरून वर केली, गळ्यावरचा पदर नीट सारखा केला, वळ झाकले जातील असा.

सुखीबाई रस्ता ओलांडून गेली. ममताला वाटलं, पाण्याची बाटली घ्यायला गेली असेल. पण ती दुकानावरून पुढे गेली, स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोला तिने हात दाखवला.

"वयनी!" ममता दोन पावलं पुढे झाली. "वयनी, गाडी इकडं..."

"नको बलावू तिले, बेटी," लालीबाई म्हणाली. इतक्या दिवसांत ममताने तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक होता, पण कापत नव्हता. "वणीची गाडी हुकन तिची."

"पन याडी, तुमी एकट्या? हा बरा झाला म्हंजे..."

"मले सारं येते आता. तिनं शिकवलं."

ऑटो धूर सोडत निघून गेला. व्हॅनमध्ये प्रेमसिंग हलला. त्याचा उजवा हात पुढे चाचपडत पत्र्यावर आपटला, एकदा, मग जोरात.

"सुखे!"

लालीबाई सरकत आत गेली, त्याच्या पाठीमागे. तळव्यावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि कमरेपासून मानेपर्यंत एक लांब हात फिरवला, न उचलता.

"सुखे, तूच हाय ना?"

"हाव," लालीबाई म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने दार ओढून घेत तिने ड्रायव्हरला निघायची खूण केली.